पंख्याच्या बटणाशेजारची खुर्ची

सर वारले तेव्हा पेपरात बातमी आली नाही. आली असती तर ‘जर्मन भाषेचे ज्येष्ठ अभ्यासक’ असं काहीतरी छापलं असतं, आणि ते चूक ठरलं असतं. सर अभ्यासक नव्हते. टॉवेलच्या कारखान्यात ते मागांचे फिटर होते. जर्मन त्यांना येत होती, कारण माग जर्मन होते.

परदेशी भाषांचे क्लास आता सोलापुरात बरेच आहेत. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र. सरांचा क्लास पूर्व भागात, मागांच्या शेडवर बांधलेल्या पत्र्याच्या खोलीत होता. खाली माग सुरू असले की वर टेबलावरचा खडूंचा डबा आपोआप सरकत कडेला यायचा. सर बोलता बोलता तो मागे ढकलायचे. खोलीत पंखा एकच, आणि त्याचं बटण सरांच्या खुर्चीच्या उजव्या हाताशी. खुर्ची तिथे मुद्दाम ठेवलेली होती.

वर्गात कुणी चुकलं की सर ‘आगु’ म्हणायचे. त्यांच्या घरची भाषा तेलुगू. आगु म्हणजे थांब. आणि पंखा बंद करायचे.

एवढंच. रागावणं नाही, बरोबर उत्तर सांगणं नाही. ज्यानं चूक केली त्यानंच ती शोधायची, त्यानंच दुरुस्त करायची. शेजारच्यानं कुजबुजायचं नाही. तोवर सगळ्यांनी मे महिन्यातल्या पत्र्याखाली बसून राहायचं. सर स्वतःही बसायचे. त्यांच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत यायचा आणि तिथे थांबायचा. तो पडायच्या आत उत्तर आलं तर उत्तर लवकर आलं, असा आमचा हिशेब होता.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, “चूक एकाची, शिक्षा सगळ्यांना का?”

“शिक्षा न्हाय ही,” सर म्हणाले. “एक धागा तुटला की अख्खा माग थांबतो. बाकीचे धागे म्हणतात का, आमची काय चूक म्हणून? धागा जोडायचा, माग चालू करायचा. धाग्याला कुणी शिव्या देत न्हाय.”

“पण तिथे धागा कामगार जोडतो. इथे तुम्ही नुसते बसून राहता.”

सरांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं. “सात नंबर,” ते म्हणाले, “तुमी शिकवणारं माणूस दिसता.”

सात नंबर म्हणजे मी. सर विद्यार्थ्यांची नावं वापरत नसत. मागांना नंबर असतात, तसे बाकांना होते. माझ्या डाव्या हाताला सहा नंबर ही नर्सिंगची मुलगी, उजव्या हाताला आठ नंबर हा वेल्डर. दोघांचीही खरी नावं मला आजतागायत माहीत नाहीत. त्यांचं काही अडलं नाही. दोघंही जर्मनीत आहेत.

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. बारा वर्षं एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करायचा आणि कायमच्या प्राध्यापकांनी ‘अरे वा, यंदाही का?’ असं विचारायचं. इंग्रजीची कायमची जागा मला मिळणार नाही हे बाराव्या जूनमध्ये माझ्या लक्षात आलं. उशीरच झाला. त्याच सुमारास शहरातल्या नर्सिंगच्या मुली जर्मनीला जायला लागल्या होत्या, आणि त्यांना शिकवायला बाई मिळत नव्हती. मला परदेशी साहित्याची ओढ वगैरे नव्हती. मला नोकरी हवी होती, कायमची. सर तेवढे जवळचे आणि स्वस्त होते.

सर स्वतः तरुणपणी सहा आठवडे जर्मनीला जाऊन आले होते. कारखान्याच्या मालकांनी नवे माग आणले, आणि ते जोडायचं शिकायला सरांना पाठवलं. तिथे कुणी काय बोलतं ते एक अक्षर कळलं नाही. येताना त्यांनी मशिनीची तीन जाडजूड माहितीपुस्तकं आणली आणि शब्दकोशाच्या मदतीनं ती चार वर्षांत वाचून काढली. कुणी विचारलं, “सर, जर्मनी कशी आहे हो?” तर ते क्षणभर आठवून सांगायचे, “तेलकट.”

त्यामुळे सरांची जर्मन उत्तम होती, पण सगळी हुकमाची. हात काढा. मागे व्हा. तेल घालण्यापूर्वी वीज बंद करा. पहिल्या महिन्यात आम्हाला ‘मला भूक लागली आहे’ म्हणता येत नव्हतं, पण चालू पट्ट्यापासून किती अंतरावर उभं राहावं हे चौदा जण एका सुरात सांगू शकत होतो.

दोन वर्षांनी मला शिष्यवृत्ती मिळाली. भाषाशिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी जर्मनीतल्या एका छोट्या गावात चार आठवड्यांचा अभ्यासवर्ग होता. पत्र आलं त्या दिवसापासून माझे सत्कार सुरू झाले. सोसायटीनं केला, महिला मंडळानं केला, ज्या कॉलेजनं मला बारा वर्षं कायम केलं नव्हतं त्यानंही केला. शाल, श्रीफळ, आणि सोलापूर असल्यामुळे चादर. सोसायटीच्या कार्यक्रमाला सरांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ते भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, “ह्या अजून गेल्या न्हाईत. सत्कार कशाचा चाललाय? तिकीट मिळाल्याचा असला तर विमानाचा करा.” आणि खाली बसले. टाळ्या वाजल्या. सोलापुरात भाषण लहान असलं की टाळ्या वाजतातच.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला खोलीवर बोलावलं आणि एक लांबट वही दिली. कारखान्यातली जुनी नोंदवही होती ती. माग बंद पडला की फिटरनं त्यात लिहायचं: किती वाजता, कितवा माग, कशानं बंद पडला, किती वेळ, कुणी चालू केला. सरांनी छापील रकाने खोडून वर पेन्सिलनं नवे लिहिले होते. चूक कुणी केली. बाई किती सेकंद गप्प राहिली. शेवटी दुरुस्ती कुणी केली, चुकणाऱ्यानं की बाईनं.

“हे भरून आणायचं,” सर म्हणाले.

“सर, मी तिथे भाषा शिकायला चाललेय.”

“भाषा हितं बी हाय की. पुस्तकात हाय, मोबाइलमधी हाय. चूक झाल्यावर तिथली बाई काय करती, ते कुटल्या पुस्तकात हाय?”

“आणि किल्ले, राजवाडे?”

“ते कुटं जातेत? चारशे वर्षं हायत तितंच हायत. फोटो काढायचा तर फळ्याचा काढा. तासाच्या सुरुवातीचा एक, शेवटचा एक.” मग जरा विचार करून त्यांनी भर घातली, “घड्याळ सेकंदाच्या काट्याचं घ्या. मोबाइल बघत बसलात तर त्यांना वाटंल, भारतातनं टिवल्याबावल्या करायला आल्या.”

मी ते सगळं केलं. का केलं याचं कारण साधं आहे. मला दुसरं काय करावं हे सुचत नव्हतं. चार आठवड्यांत माझी जर्मन किती सुधारली असती? थोडी. तेवढ्यावर नोकरी मिळत नाही. वही निदान ठोस होती.

तिसऱ्या दिवशी वर्गातल्या बाईंनी मला बाजूला घेतलं. मी वरिष्ठ कार्यालयाकडून आलेली तपासनीस आहे असा त्यांचा समज झाला होता. मी वही दाखवली आणि रकाने जर्मनमधून समजावले. त्यांनी ती शांतपणे चाळली आणि विचारलं, हे कोणत्या विद्यापीठाचं काम आहे. मी म्हटलं, टॉवेल कारखान्याचं. त्यांनी वहीची प्रत मागितली. शेवटच्या आठवड्यात त्यांनी कबूल केलं की आपण मंगळवारी कमी थांबतो हे त्यांना माहीतच नव्हतं. मंगळवारी त्यांना लवकर घरी जायचं असायचं.

त्या बाई सरासरी सात सेकंद थांबायच्या. मी स्वतः किती थांबते हे मी एकदा कॉलेजात मोजायला घेतलं होतं. मोजता आलं नाही. मी थांबतच नव्हते. प्रश्न मीच विचारायचे आणि उत्तरही मीच द्यायचे, आणि वर ‘कळलं ना?’ असं विचारायचे. मुलं हो म्हणायची. बारा वर्षं.

आणखी एक गोष्ट मी तिथे पाहिली, आणि ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून पान दुमडून ठेवलं. माझ्या घरमालकीणबाईंची थोरली बहीण वृद्धाश्रमात होती. तिला भेटायला त्या मला घेऊन गेल्या. म्हातारीला उठवून बसवायला नर्स आली. खाली वाकली, ‘मी तुम्हाला आधार देऊ का?’ असं विचारलं, आणि थांबली. म्हातारी खिडकीबाहेर बघत होती. नर्स थांबूनच राहिली. मी सवयीनं घड्याळ पाहिलं. बावीस सेकंदांनी म्हातारीनं मान हलवली, मग नर्सनं हात लावला.

आमच्या क्लासमधल्या पोरींना सर हे वाक्य शिकवत नव्हते. सर शिकवत होते: उठा. हात काढा. मागे व्हा. त्या पोरी हेच घेऊन या म्हाताऱ्यांकडे येणार होत्या. सहा नंबर तर आलीही होती. मी परत गेल्यावर सरांना हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आपल्याकडे सरांची चूक सरांना सांगत नाहीत. घरी जाऊन नवऱ्याला सांगतात.

परत आल्यावर नातेवाईक फोटो बघायला आले. जाऊबाईंनी मोबाइल टीव्हीला जोडून घेतला.

“हे काय गं?”

“फळा.”

“बरं. पुढचा?”

“तोच फळा, तासाच्या शेवटी.”

“पुढचा?”

“हा बुधवारचा.”

सातव्या फळ्यानंतर जाऊबाईंनी सावधपणे विचारलं, “तुला बाहेर सोडत नव्हते का?”

दोन महिन्यांनी एका नर्सिंग कॉलेजच्या संस्थेनं जर्मन शिक्षिकेच्या जागेची जाहिरात दिली. पूर्ण वेळ, कायम. अट एकच, परदेशात शिक्षण घेतलेलं असावं. मुलाखतीला आम्ही दोघी होतो. दुसरी उमेदवार तिशीची, हुशार, अध्यक्षांच्या सुनेची मैत्रीण. ती नवऱ्याबरोबर तिकडे गेली असताना दहा दिवसांचा वर्ग करून आली होती. तिच्या अर्जाला बर्फातले फोटो जोडलेले होते. अध्यक्षांनी मला विचारलं, “मॅडम, तुमचे फोटो? आपल्याला फ्लेक्सला लागतील.” मी फळे दाखवले. त्यांनी चार पाहिले आणि मोबाइल हळूच उलटा ठेवला.

मग पाठ घेऊन दाखवायचा होता. विषयतज्ज्ञ म्हणून संस्थेनं सरांना बोलावलं होतं, कारण शहरात दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांची विद्यार्थिनी हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण एक उमेदवार सुनेची मैत्रीण असताना तो मुद्दा कुणी काढणार नव्हतं. विद्यार्थी अजून यायचे होते, म्हणून बाकांवर संस्थेचा क्लार्क, ग्रंथपाल, दोन ड्रायव्हर आणि एक शिपाईमामा बसवले होते. सर तज्ज्ञाच्या खुर्चीवर दोन मिनिटं बसले, मग उठून बाकावर जाऊन बसले. अध्यक्ष म्हणाले, “सर, इकडे बसा ना.”

“तितनं आवाज कळत न्हाय,” सर म्हणाले.

विषयाची चिठ्ठी मी उचलली. रुग्णाला उठवून बसवणे. मी चार वाक्यं शिकवली. त्यात ‘आधार देऊ का?’ हे होतं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं हेही होतं. मग म्हटलं, आता कुणीतरी नर्स होऊन दाखवा. क्लार्कनं ग्रंथपालाकडे पाहिलं, ग्रंथपालानं छताकडे. सर उठले.

“रुग्ण कोण?” मी विचारलं.

शिपाईमामा म्हणाले, “मला काय बी येत न्हाय, मॅडम.”

“तुम्ही फक्त झोपायचंय.”

“ते येतंय की,” म्हणून मामा बाकावर आडवे झाले.

सर त्यांच्याजवळ गेले, ताठ उभे राहिले, आणि चाळीस वर्षांच्या जर्मनमध्ये गरजले. उठा! हात बाजूला! मागे सरका! मामांना शब्द कळला नाही, पण सूर कळला. ते ताडकन उठून भिंतीला टेकून उभे राहिले. खोलीत टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, “वा! याला म्हणतात शिकवणं. एका तासात रुग्ण उभा!”

दुसरी उमेदवारही टाळ्या वाजवत होती. मी तिच्या जागी असते तर मीही वाजवल्या असत्या. मला नोकरी हवी होती. परीक्षक समोर होते आणि खूश होते. परीक्षक माझे सर होते. मी नुसतं ‘छान’ म्हणायचं होतं आणि पुढे जायचं होतं.

दाराजवळ बटणांची पाटी होती. चार पंखे, चार बटणं. मी चालत गेले आणि चारही बंद केली. मेचा दुसरा आठवडा होता.

“लाइट गेली काय?” एक ड्रायव्हर म्हणाला.

“आगु,” मी म्हटलं. माझा आवाज जरा चिरकला. हे एवढं मला लपवायचं नाही.

सर वळले. त्यांनी पंख्यांकडे पाहिलं, बटणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अध्यक्ष पुढे वाकले. “मॅडम, पुढे घ्या. वेळ कमी आहे. सरांचं बरोबर होतं की.”

मी काही बोलले नाही. वहीत तोच रकाना होता: बाई किती सेकंद गप्प राहिली. अध्यक्षांनी रुमाल काढला. सरांच्या कपाळावरचा थेंब भुवईपर्यंत आला. ग्रंथपाल हातातला कागद हलवून वारा घेऊ लागले. मामा अजून भिंतीला टेकून उभे होते.

सरांनी फळ्यावरची चार वाक्यं वाचली. वरून खाली, मग परत. मग मामांना हाताला धरून बाकावर निजवलं. खाली वाकले. ‘मी तुम्हाला आधार देऊ का?’ असं विचारलं, जर्मनमध्ये, हळू. आणि थांबले.

मामांना काही कळलं नाही. त्यामुळे उत्तर येईना. उत्तर येईना म्हणून सर हलेनात. सर हलेनात म्हणून मी पंखे लावेना. थेंब नाकाच्या शेंड्यावर पोचला. अध्यक्षांनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. शेवटी मामाच वैतागून म्हणाले, “सर, काय म्हनताय ते मला उमगंना. पर बसवायचंय तर बसवा की एकदाचं! लई उकडतंय.”

“संमती मिळाली,” सर म्हणाले, आणि त्यांनी मामांच्या पाठीखाली हात घालून त्यांना बसवलं. मी पंखे लावले.

बाहेर चहाच्या गाडीपाशी सर मला भेटले. नाकाचा शेंडा पुसत होते.

“कवापासनं माहीत होतं?”

“जर्मनीपासून.”

“दोन महिने.” त्यांनी कप खाली ठेवला. “धागा तुटलेला दिसतोय आणि माग दोन महिने चालवला तुमी. किती कापड खराब झालं असंल?”

“तुम्हाला कसं सांगणार होते, सर?”

“आज सांगितलं तसं.” मग कप पुन्हा उचलत म्हणाले, “सहा नंबरला फोन लावून द्या. त्या पोरीला मी हुकूम शिकवून धाडलंय.”

नोकरी दुसरीला मिळाली. अध्यक्षांनी नंतर कुणाला तरी सांगितलं म्हणे की बाई हुशार आहेत, पण वडीलधाऱ्यांचा मान ठेवत नाहीत. तज्ज्ञांनी काय शेरा दिला होता ते मला क्लार्ककडून कळलं. सरांनी दोघींच्याही कागदावर फक्त सेकंद लिहिले होते. दुसरीच्या कागदावर शून्य, माझ्या कागदावर एक्केचाळीस. समितीनं त्याचा अर्थ शंभरपैकी असा लावला आणि मला नापास केलं. दुसरीचं शून्य म्हणजे लिहायचं राहून गेलं असं ठरलं.

त्याच आठवड्यात सरांनी संध्याकाळची तुकडी मला दिली. बटणाशेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि स्वतः जाऊन सात नंबरच्या बाकावर बसले. मला पहिले चार दिवस ते चुकले की पुढे जायची घाई व्हायची. पाचव्या दिवशी मी म्हटलं, “सात नंबर, आगु,” आणि पंखा बंद केला. तुकडीतली पोरं माझ्याकडे बघतच राहिली. सर मान खाली घालून वाक्य शोधत होते.

सत्तरीच्या माणसाला हुकूम सोडून विनंती करायला शिकायला पूर्ण पावसाळा लागला. एकदा शिकल्यावर ते कुठेही वापरू लागले. चहावाल्याला पूर्वी ‘दोन चहा’ म्हणायचे, आता ‘दोन चहा देता का?’ म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत थांबायचे. चहावाला म्हणायचा, “देतो की! हितं दुसरं काय करायला बसलोय?” त्यांच्या सूनबाईंनी मला खासगीत विचारलं, “सासरे हल्ली ‘मीठ देतेस का’ म्हणून थांबून राहतात. तब्येत बरी आहे ना त्यांची?”

दिवाळीनंतर संस्थेतल्या त्या दुसऱ्या बाईंना पुण्यात चांगली जागा मिळाली आणि त्या गेल्या. अध्यक्षांचा मला फोन आला. “मॅडम, तुमचा तो पंख्याचा प्रयोग मला तेव्हाच आवडला होता.” मी हो म्हटलं. मानापमान करत बसायला मला वेळ नव्हता. आठ दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्यानं माझा आधार कार्डावरचा फोटो कापून एका बर्फाच्या डोंगरापुढे चिकटवला होता. सर रिक्षा थांबवून तो बघून आले.

“डोंगर चांगला हाय,” ते म्हणाले. “कुटला?”

“मला काय माहीत?”

“बरं झालं. तुमी बघायला गेला असता तर चार फळे कमी बघितले असते.”

पहिल्या दिवशी मी नव्या वर्गात गेले आणि दाराजवळ बटण शोधलं. नव्हतं. मुलाखत जुन्या इमारतीत झाली होती. ही नवी, सगळीकडे एसी, आणि तो कमी-जास्त होत होता तळमजल्यावरच्या कार्यालयातून. वर्गातून काहीही बंद करता येत नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला एक मुलगी चुकली आणि माझ्याच तोंडून बरोबर उत्तर निघून गेलं. वर ‘कळलं ना?’सुद्धा. मुली हो म्हणाल्या. बारा वर्षं मुलं जशी म्हणायची तशाच.

मधल्या सुट्टीत मी सरांना फोन केला. “सर, इथे पंखाच नाही. बंद काय करू?”

पलीकडून मागांचा आवाज येत होता. मी थांबले. सर विचार करत होते.

“वर्गात सगळ्यात जास्त वारा कोण घालतंय?” त्यांनी विचारलं.

“मीच,” मी म्हटलं.

“मग तुमी बंद व्हा की,” सर म्हणाले, आणि फोन ठेवला.

सर जाऊन दोन वर्षं झाली. नोंदवही भरली, मी तसलीच दुसरी आखून घेतली आहे. नव्या मुलींना पहिले काही दिवस वाटतं की बाई रागावल्या. काल एक मुलगी चुकली. मी खडू खाली ठेवला, हाताची घडी घातली आणि गप्प झाले. तिला एकोणीस सेकंद लागले. दुरुस्ती कुणी केली या रकान्यात मी तिचं नाव लिहिलं. मग ते खोडलं आणि लिहिलं, नऊ नंबर.